‘चेक’ हा एक शब्द की अनेक? आणि आपल्या ‘शह’शी त्याचे नाते काय?

ओसरी

बँकेत भरतो तो चेक, रेल्वेतला तिकीट चेकर, चेक्सचा शर्ट, रस्त्यावरचा चेकनाका, विमानतळावरचे चेक-इन आणि ‘जरा चेक करून सांग’ हे वाक्य, या सगळ्यांत आपण एकच शब्द दिवसभर वापरत असतो. माझा प्रश्न असा आहे की हे योगायोगाने सारखे उच्चारले जाणारे वेगवेगळे शब्द आहेत, की एकाच शब्दाला फुटलेल्या फांद्या? एकच शब्द असेल, तर कापडावरच्या चौकटींचा आणि पैसे देण्याच्या कागदाचा संबंध कुठे जुळला? इंग्रजी कोशांत या शब्दाखाली बुद्धिबळातला ‘शह’ हा अर्थ अगदी आधी दिलेला आढळतो, आणि माझे कुतूहल खरे तर तिथूनच सुरू झाले. या शब्दाभोवती ऐकीव गोष्टी पुष्कळ फिरतात, म्हणून ज्यांना आधारासह सांगता येईल त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पागोळी

ओसरीताई, एकच शब्द आहे, आणि ‘शह’ हे त्याचेच सख्खे भावंड आहे. दोघांचे मूळ फारसीतला ‘शाह’, म्हणजे राजा. आपले चतुरंग सहाव्या शतकाच्या सुमारास इराणात पोहोचले आणि तिथे प्रतिपक्षाच्या राजावर हल्ला करताना ‘शाह!’ असे म्हणण्याची रीत पडली. पुढे अरबांनी इराण जिंकल्यावर खेळ त्यांच्याकडे गेला, आणि स्पेन व इटलीच्या वाटेने सुमारे 1000 सालापर्यंत तो युरोपात रुजला. लॅटिनमध्ये ‘शाह’चे ‘स्काकुस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि त्यातला आरंभीचा स्वर गळून इंग्रजीत ‘चेक’. त्याच फ्रेंच शब्दाचे अनेकवचन ‘एशे’ इंग्रजीत गेले ते ‘चेस’, म्हणजे खेळाचे नाव.

आपल्याकडे मात्र ‘शह’ थेट फारसीतून आला. त्यामुळे एकच शब्द मराठीत दोनदा आला आहे. एकदा दख्खनच्या दरबारी फारसीतून आणि दुसऱ्यांदा इंग्रजांबरोबर, युरोपला वळसा घालून. आणखी मागे गेलो तर प्राचीन फारसीतले रूप ‘ख्शायथिय’ असे मिळते, आणि त्याचा धातू संस्कृतातल्या ‘क्षत्र’ या शब्दाच्या नात्यातला आहे. नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांत ज्यांचे नाव वाचायला मिळते त्या नहपानाच्या ‘क्षत्रप’ या पदवीतही तोच इराणी धातू आहे.

रानजाई

म्हणजे ‘शहाणा’ हा शब्दही ‘शाह’वरून आला असेल का? आमच्याकडे एका व्याख्यानात तसे ऐकल्याचे आठवते.

पागोळी

नाही. ‘शहाणा’ हा ‘सज्ञान’ या संस्कृत शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आलेला आहे. हिंदीतला ‘सयाना’ हे त्याचेच रूप. ‘शहामृग’ तर आणखी फसवा आहे, कारण त्यात राजाही नाही आणि मृगही नाही. फारसी ‘शुतुर्मुर्ग’, म्हणजे उंटासारखा पक्षी, याला आपल्या जिभेने ओळखीचे रूप दिले आहे. गुजराती ‘शहा’ हे आडनावही ‘साधु’, ‘साहु’ या मालिकेतले मानले जाते. ‘शहाजी’ आणि ‘पातशाही’ यांत मात्र फारसी ‘शाह’च आहे.

प्यादा

मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, म्हणून खेळाच्या बाजूने थोडे लिहितो. आज स्पर्धेत शह दिल्यावर ‘चेक’ असे तोंडाने म्हणण्याचे बंधन नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत तशी अट नाही आणि अनुभवी खेळाडू तसे म्हणतही नाहीत. घरगुती खेळात मात्र ‘शह!’ ही आरोळी अजून ऐकू येते, आणि ती ऐकली की मला मनापासून बरे वाटते. खुद्द इराणात आता शह देताना ‘शाह’ न म्हणता ‘कीश’ म्हणतात, आणि मात झाली की ‘कीश ओ मात’. म्हणजे जिथून हा शब्द जगभर गेला, तिथे तो या कामासाठी उरलेला नाही आणि आपण तो जपला आहे.

‘शहमात’चा अर्थ ‘राजा मेला’ असे सर्रास सांगितले जाते. अरबीत ‘माता’ म्हणजे ‘तो मेला’, हे खरे. पण बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. त्याला सुटायला घर उरत नाही, एवढ्यावर डाव संपतो. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, निरुपाय झालेला. मला हाच अर्थ खेळाशी जुळणारा वाटतो, आणि अनेक अभ्यासकांचे मतही असेच आहे.

कंदील

प्यादा, तुमचे म्हणणे पटते, पण अरबांनी हा शब्द घेतल्यावर त्यांच्या कानाला तो ‘मेला’ असाच ऐकू येणार, आणि युरोपात तो अरबांकडून गेला. तेव्हा मूळ अर्थ ‘हतबल’ असला, तरी प्रवासात त्याला ‘मृत’ हा अर्थ चिकटला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. शब्दाचा उगम एक आणि त्याचा पुढचा समज दुसरा, अशी दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात.

प्यादा

हे मान्य आहे. मराठीत तर ‘मात’ला मृत्यूचा वासही नाही. ‘आजारावर मात केली’ असे आपण म्हणतो तेव्हा जिंकणे एवढेच अभिप्रेत असते. प्याद्याने मात केली तर तिला आपल्याकडे ‘प्यादेमात’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि ती मोठ्या कौशल्याची खूण समजली जाते.

ओसरी

हे सारे फार मोलाचे आहे. पण राजावरच्या हल्ल्यातून तपासणी, कापड आणि बँकेचा कागद हे तीन अर्थ कसे निघाले, हा माझा मूळ प्रश्न अजून बाकी आहे.

पागोळी

तपासणीचे आधी सांगते, कारण ते सरळ आहे. शह मिळाला की राजाला बाकीचे सगळे सोडून आधी त्यातून वाट काढावी लागते, चाल अडते. म्हणून इंग्रजीत ‘चेक’चा अर्थ आधी अचानक बसलेला अडथळा, मग आवर घालणे, मग नियंत्रण असा सरकत गेला. हिशेबावरचे नियंत्रण म्हणजे एक नोंद दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहणे, आणि तिथून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘तपासणे’ हा अर्थ रूढ झाला. आज आपल्याला मूळ वाटतो तो हा अर्थ वयाने बराच धाकटा आहे. चेकनाक्यात मात्र दोन्ही थर एकत्र आहेत, कारण तिथे गाडी आधी अडवली जाते आणि मग तपासली जाते.

कापडाचे आणि पैशाचे उत्तर इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात आहे. त्याविषयी खतावणीकाकांनी लिहावे. त्यांनी या विषयावर पूर्वीही लिहिले आहे.

खतावणी

पागोळी, आठवण ठेवल्याबद्दल आभार. माझी नोकरी बँकेत गेली आणि या एका शब्दाने मला निवृत्तीनंतरही गुंतवून ठेवले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

बाराव्या शतकाच्या आरंभी, पहिल्या हेन्रीच्या राज्यात, राजाच्या जमाखर्चाची तपासणी एका मोठ्या टेबलाभोवती होत असे. हे टेबल सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद होते. वरचे काही खाली पडू नये म्हणून त्याला चार बोटे उंचीचा काठ होता, आणि त्यावर दरवर्षी ईस्टरच्या सत्रात नवे काळे कापड अंथरले जाई. त्या कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेषा आखलेल्या असत. बुद्धिबळाच्या पटाला लॅटिनमध्ये ‘स्काकारियुम’ म्हणत, आणि टेबल तसे दिसे म्हणून टेबलाला तेच नाव मिळाले. टेबलावरून ते तिथे बसणाऱ्या मंडळाला आणि मग संपूर्ण खात्याला लागले. तेच ‘एक्सचेकर’. ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. त्या पदनामात बुद्धिबळाचा पट शिल्लक आहे.

हे नुसते नावाचे साम्य नव्हते. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे कमालीचे अवघड असते. म्हणून कापडावर पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार असे स्तंभ ठरवून त्यांत गोट्यांसारख्या सोंगट्या मांडत. प्रांताचा शेरीफ वसुलीचा हिशेब घेऊन समोर बसे. त्याच्याकडून येणे असलेली रक्कम वरच्या ओळीत मांडायची, त्याने भरलेली खालच्या ओळीत, आणि एकीतून दुसरी उचलत न्यायची, की बाकी सर्वांच्या डोळ्यांदेखत उरे. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते त्यालाही आपल्याकडे किती निघाले ते दिसे. राजाचा कोषाध्यक्ष रिचर्ड फिट्झनील याने 1170 च्या दशकाच्या अखेरीस या खात्याच्या कामकाजावर प्रश्नोत्तररूपाने एक ग्रंथ लिहिला. पटावर जशी दोन राजांत लढाई होते तशी इथे कोषाध्यक्ष आणि शेरीफ यांच्यात होते, असे त्यात त्याने स्वतः म्हटले आहे. जमाखर्च तपासणे ही लढाई असते, हे ज्याने कधी लेखापरीक्षकासमोर बसून पाहिले आहे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

पैसे भरल्याची पावती म्हणून कागद नव्हे, तर लाकडाची कांडी मिळे. हजार पौंडांसाठी तळहाताच्या जाडीची खाच, शंभरासाठी अंगठ्याच्या, विसासाठी करंगळीच्या, आणि एका पौंडासाठी टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. मग कांडी उभी चिरून लांब तुकडा पैसे भरणाऱ्याला द्यायचा आणि दुसरा खजिन्यात ठेवायचा. पुढे हिशेबाच्या वेळी दोन्ही तुकडे जुळवून पाहत. खाचा जुळल्या नाहीत तर लबाडी उघड. लांब तुकड्याला ‘स्टॉक’ आणि दुसऱ्याला ‘फॉईल’ म्हणत. चेकबुकात उरणाऱ्या भागाला आपण मराठीत ‘स्थळप्रत’ म्हणतो. इंग्रजीत त्याचे नाव ‘काउंटरफॉईल’ आहे.

या कांड्यांची पद्धत 1826 मध्ये बंद झाली. साठलेल्या जुन्या कांड्या 16 ऑक्टोबर 1834 रोजी लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या आणि त्या आगीत इंग्लंडच्या संसदेची जुनी इमारत भस्मसात झाली.

रानजाई

काका, खाचांचे वर्णन वाचून थक्क झाले. पण म्हणजे शर्टावरचे चेक्सही याच टेबलावरून आले का?

खतावणी

टेबलावरून नव्हे, पटावरून. पटासारखी नक्षी म्हणजे ‘चेकर’, आणि त्याचे आखूड रूप ‘चेक’. आपल्याकडच्या चौकड्यांच्या लुगड्याला नाव चौकटींवरूनच पडले आहे. इंग्रजीत त्याच नक्षीला खेळावरून नाव मिळाले.

नदीपार

मी लिस्बनला राहतो. पोर्तुगीजमध्ये बुद्धिबळाला ‘शद्रेश’ म्हणतात, आणि चौकड्यांच्या कापडालाही तेच म्हणतात. हा शब्द अरबी ‘शतरंज’मधून आला आहे, म्हणजे शेवटी आपल्या ‘चतुरंग’मधून. शह देण्याला इथे ‘शेक’ म्हणतात आणि बँकेच्या चेकचा उच्चारही ‘शेक’च, फक्त स्पेलिंग वेगळे. दोन्ही आता वेगळे शब्द समजले जातात. फ्रेंचमध्ये तर ‘एशेक’ म्हणजे अपयश. एका आरोळीपासून निघून कुणी खेळावर थांबले, कुणी कापडावर, कुणी पराभवावर.

कंदील

एक दुरुस्ती सुचवतो. पट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काळी-पांढरी घरे येतात, पण भारतातले अष्टापद, म्हणजे आठ-आठ घरांच्या ओळींचा जुना पट, आणि अरबांचा पट हे नुसत्या रेषांनी आखलेले असत. इसवी सनापूर्वीच्या पतंजलीच्या महाभाष्यात अष्टापदाचा उल्लेख आहे, म्हणजे तो पट या खेळाहून जुना. आळीपाळीने रंगवलेली घरे ही युरोपातली भर आहे. तेव्हा काकांनी वर्णन केलेले रेषांचे काळे कापड आपल्या अष्टापदाला अधिक जवळचे होते.

तारीख

वाचतो आहे आणि आनंद होतो आहे. मात्र बँकेच्या चेकविषयी मी वेगळे ऐकले आहे. तो अरबी ‘सक्क’वरून आला, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. बगदादच्या अब्बासी खलिफांच्या काळात व्यापारी ‘सक्क’, म्हणजे रक्कम देण्याचा लेखी कागद, लिहून देत. दहाव्या शतकात इब्न हौकल या प्रवाशाने सहाराच्या दक्षिण टोकाच्या औदगस्त शहरात 42,000 दिनारांचा ‘सक्क’ पाहिल्याची नोंद केली आहे. एवढी जुनी आणि हुबेहूब व्यवस्था असताना बुद्धिबळापर्यंत जाण्याची गरज काय?

पागोळी

तारीख, इब्न हौकलची नोंद खरी आहे आणि ‘सक्क’ ही मोठी व्यवस्था होती, यातही वाद नाही. पण वस्तू जुनी असणे आणि शब्द तिथून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सक्क’ युरोपात शिरला असता तर तो भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांच्या भाषेत आधी दिसायला हवा होता. प्रत्यक्षात चेकसाठी इटालियन शब्द ‘असेन्यो’ असा निराळाच आहे, आणि फ्रेंचांनी ‘शेक’ हा शब्द इंग्रजीतून उचलला आहे. इंग्रजीतही या व्यवहारातला ‘चेक’ अठराव्या शतकाच्या आरंभी दिसतो, तो स्थळप्रतीच्या अर्थाने. म्हणजे रक्कम देताना जिच्याशी मूळ कागद ताडून पाहायचा ती प्रत. नंतर तो शब्द त्या कागदालाच लागला. मधला दुवा कुणी पुराव्याने दाखवला, तर मी मत बदलायला तयार आहे.

खतावणी

पागोळीच्या म्हणण्याला आणखी एक आधार देतो. लंडनच्या क्लेटन आणि मॉरिस या पेढीवर 1659 साली लिहिलेला एक आदेश आजही उपलब्ध आहे आणि तो जगातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध चेकांपैकी एक मानला जातो. पण त्या काळी अशा कागदाला ‘चेक’ हे नाव नव्हते. व्यवहार आधी आला आणि नाव मागून, हे यावरून दिसते. ब्रिटनमध्ये आज प्रचलित असलेले वेगळे स्पेलिंगही ‘एक्सचेकर’च्या प्रभावाने रूढ झाले, अमेरिकेने जुने साधे स्पेलिंग ठेवले.

दूरदेशी

त्या साध्या स्पेलिंगमुळे इथे न्यू जर्सीत एकाच शब्दाचा भार फार वाढला आहे. हॉटेलात जेवणाचे बिल मागायचे तर ‘चेक’ म्हणायचे, कोट ठेवायला दिला की मिळणारा बिल्ला म्हणजे ‘चेक’, आणि कागदावर बरोबरची खूण करायची तीही ‘चेक’. सामानाच्या चेक-इनमागेही बिल्ल्याचाच अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी रेल्वेत सामानाला पितळी बिल्ला लावून त्याचा जोड प्रवाशाला देत, आणि दोन्ही जुळले की सामान मिळे. खतावणीकाकांच्या कांडीचे तत्त्व त्यातही आहे.

ओसरी

बिल्ल्याचे वाचून माझ्या प्रश्नातल्या बहुतेक शब्दांची जागा लागली. आता एक भाषेचा प्रश्न. ‘चेक’साठी शासकीय मराठीत ‘धनादेश’ आहे. बँकेत काम केलेल्यांना तो कितपत आपला वाटतो?

खतावणी

‘धनादेश’ शब्द चांगला आहे, अर्थवाही आहे, आणि छापील अर्जांत तो स्थिरावला आहे. पण काउंटरवर मी तो फारसा ऐकला नाही, तिथे ‘चेक’च. खरी मराठी त्याच्या क्रियापदात आहे. चेक ‘वटतो’ किंवा ‘वटत नाही’. हा शब्द हुंडीच्या व्यवहारातून आला. हुंडी वटवताना जी रक्कम कापली जाई ती ‘वटाव’, आणि बँक त्यासाठी आकार घेई ती ‘वटणावळ’. नाव परके आणि क्रियापद आपले, अशी ही जोडी आहे. पावतीवर ‘चेक वटल्यानंतरच ग्राह्य’ असे छापलेले असते, ते कुणालाही समजावून सांगावे लागत नाही.

तारीख

न्यायालयातही तसेच आहे. 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 6 मध्ये चेकची व्याख्या आहे, आणि 1 एप्रिल 1989 पासून लागू झालेल्या कलम 138 ने चेक न वटणे हा विशिष्ट परिस्थितीत शिक्षापात्र गुन्हा ठरवला. कागदोपत्री ‘धनादेशाचा अनादर’ असे लिहितात, पण पक्षकार येऊन सांगतो तो ‘चेक वटला नाही’ असेच सांगतो, आणि मला तेच अधिक नेमके वाटते.

प्यादा

माझा आग्रह मात्र खेळापुरता वेगळा आहे. बातम्यांच्या मथळ्यांत आजकाल ‘चेकमेट’ छापतात. ‘शह’, ‘काटशह’, ‘मात’ हे शब्द मराठीत शतकानुशतके चालत आले आहेत, त्यांना अर्थाची धार आहे, आणि ते सोडून त्यांचेच इंग्रजी रूप परत आणण्याचे कारण मला दिसत नाही.

कंदील

राजकारणाच्या बातम्यांत ‘शह-काटशह’ अजून जोमाने चालतो, म्हणून मला एवढी काळजी वाटत नाही. ‘काटशह’ हा तर केवळ आपला शब्द आहे. शहाला शहाने दिलेल्या उत्तराला इंग्रजीत ‘क्रॉस-चेक’ म्हणतात, पण ‘काटशह’ची धार मला त्यात वाटत नाही.

रानजाई

शेवटचे एक विचारते. चेक प्रजासत्ताकाचा या सगळ्याशी काही संबंध आहे का?

पागोळी

काहीही नाही. ते तिथल्या स्लाव्ह लोकांचे स्वतःचे नाव आहे आणि इंग्रजीत त्याचे स्पेलिंगही वेगळे आहे. मराठीत ‘झेक’ लिहिण्याची जुनी पद्धत आहे, ती पाळली तर हा गोंधळ होणारच नाही.

नदीपार

खतावणीकाका, कांडीच्या लांब तुकड्याला ‘स्टॉक’ म्हणत, असे तुम्ही लिहिलेत. शेअर बाजारातला ‘स्टॉक’ तोच का?

खतावणी

राजाला कर्ज दिल्याची खूण म्हणून तो तुकडा धनकोच्या हाती राही, आणि भांडवलाच्या अर्थाचा ‘स्टॉक’ तिथून आला असे एक मत आहे. दुसरे मत झाडाच्या बुंध्यापासून मूळ धनापर्यंत जाते. त्या शब्दाचा पसारा ‘चेक’हून मोठा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन.